टाकी, थापी आणि चुन्याची घाणी

आपल्या ग्रामदेवतेच्या मंदिराचा जीर्णोद्धार श्रींच्या कृपेने व ग्रामस्थांच्या परिश्रमाने पार पडला. देणगीदारांची यादी, जमाखर्च आणि अध्यक्षांचे मनोगत या स्मरणिकेत अन्यत्र आहेच. प्रस्तुत लेखकाकडे समितीने इतिहासाचे पान सोपविले. परंतु ज्या एका प्रश्नावरून समितीच्या दोन बैठका मध्यरात्रीपर्यंत लांबल्या, तो वगळून इतिहास लिहिणे मला बरे वाटत नाही. सिमेंट, सळ्या आणि यंत्रावर कापलेला दगड कल्याणहून एका फोनवर येत असता, चुन्याचे काम जाणणारा गवंडी व हाताने टाकी चालविणारा पाथरवट शोधत गावोगाव हिंडायचे कशासाठी?

या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास आपल्याला फार दूर जावे लागत नाही. वालधुनीच्या काठचे अंबरनाथचे शिवालय आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले आहे. उत्तरेकडील दारावरच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा उल्लेख आहे. उत्तर कोकणात तेव्हा शिलाहारांचे राज्य होते व मुम्मुणिराजा गादीवर होता. (जुने दगडी देऊळ दिसले की आपण त्यास हेमाडपंती म्हणतो, पण हेमाद्री पंडित हा यादवांचा प्रधान तेराव्या शतकातला, म्हणजे हे मंदिर त्याच्या दोनशे वर्षे आधीचे.) काळा दगड इथलाच. तो इतक्या काटेकोरपणे घडवायचा की एक दगड दुसऱ्यावर नुसत्या वजनाने आणि खाचेने बसावा, हे त्या काळच्या मंदिर बांधणाऱ्यांचे कसब. आज शिखराचा वरचा भाग नाही व गाभारा आकाशाला उघडा आहे. १८६८ साली सरकारने या मंदिराची मापे, नकाशे आणि नक्षीचे साचे घेण्याचे काम मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे टेरी यांजकडे दिले. साचे निघाले, पण साच्यातून पाथरवट निघत नाही.

पुढे पेशवाईत चुन्याच्या बांधकामाला ऊर्जितावस्था आली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि या मुलखात पुन्हा देवळे उभी राहू लागली. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी कौपिनेश्वराचे मंदिर १७६० च्या सुमारास बांधविले. १८७९ साली त्याची दुरुस्ती झाली ती लोकवर्गणीतून. आज आपण पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो, त्याला आपल्या जिल्ह्यात एवढी जुनी परंपरा आहे.

चुना म्हणजे पांढरी भुकटी नव्हे. चुनखडी किंवा खाडीचे शिंपले भट्टीत भाजले की कळीचा चुना होतो. पाणी घालताच तो उकळतो, फुटतो आणि विरतो. मग बैलाच्या घाणीत वाळूबरोबर तो दळायचा. कोणी गुळाचे पाणी घालीत, कोणी बेलफळाचे, कोणी हिरड्याचे. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन वायू शोषून घेत वर्षानुवर्षे घट्ट होत राहतो. मुख्य म्हणजे त्यातून ओल बाहेर पडू शकते. आपल्या खाडीकाठच्या हवेत या गुणाचे महत्त्व केवढे, ते पावसाळ्यात ज्यांच्या भिंतींना पोपडे सुटतात त्यांना विचारावे.

१८५३ साली आगगाडी ठाण्यास आली, दुसऱ्याच वर्षी कल्याणला पोहोचली. १९१४ साली पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर अंबरनाथ-डोंबिवलीत कारखाने निघाले आणि सुतार-गवंड्यांची मुले सकाळच्या भोंग्याला हजर होऊ लागली. त्यांना दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. बलुत्याच्या चार पायली धान्यावर घर चालविण्याचा प्रसंग, कसबाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांवर आला असेल. महिन्याचा पगार, मुलांचे शिक्षण आणि 'अमक्याचा गवंडी' या शिक्क्यातून सुटका, हे लाभ लहान नव्हते.

आता आपल्या देवळाची गोष्ट. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वेळी गाभाऱ्याच्या भिंतीला ओल आली, म्हणून वर सिमेंटचा गिलावा केला. हेतू चांगला, पैसाही प्रामाणिकपणे खर्च झालेला. परंतु जमिनीतून चढणारे पाणी पूर्वी चुन्यातून उडून जाई, ते आत कोंडले. या वेळी गिलावा फोडला तेव्हा मागचा चुना ओल्या मातीसारखा हाताला लागला आणि भिंतीत गेलेले सागवानी तुळईचे टोक बोटाने कुस्करले गेले. बैठकीत त्या टोकाचा तुकडा टेबलावर ठेवला, तेव्हा कुठे वाद थोडा थंडावला.

जपानात इसे येथे लाकडी देवालय दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधतात. २०१३ साली ते बासष्टाव्यांदा झाले. इमारत जुनी राहत नाही, सुताराचा हात मात्र जुना राहतो. पॅरिसचे नोत्रदाम २०१९ साली जळाले, तेव्हा त्याच्या छपराचे ओक वासे पुन्हा कुऱ्हाडीने तासण्यात आले. तसे तासता येणारे सुतार मिळाले म्हणूनच ते जमले. यंत्रविद्येत हे दोन्ही देश आपल्यापेक्षा मागे आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

तरी सर्वच जुने राखावे, या मताचा मी नव्हतो व नाही. घाणीचा बैल गेला, त्याचे मला दुःख नाही. आपला चुना मोटारीवरच्या घाणीत दळला. पायऱ्यांचे दगड यंत्रावर कापून आणले. सभामंडप सिमेंट काँक्रीटचा केला, कारण उत्सवाची गर्दी खांबांच्या दाटीत मावत नाही. त्याच्या सळ्यांना खारी हवा लागून पुढे गंज चढेल, सळी फुगून काँक्रीट तडकेल, ही भीती आहेच. छताची गळती दरवर्षी तपासावी लागेल. गाभारा मात्र चुन्यातच झाला. त्यापायी खर्च वाढला, मुहूर्त एक पावसाळा पुढे गेला आणि काही देणगीदार नाराज झाले. त्यांची नाराजी रास्त होती. परंतु गाभारा जसा बांधला आहे तसाच तो दुरुस्त करावा लागतो, आणि दुरुस्त करणारा हात काम मिळाल्यावाचून तयार होत नाही. पगारी नोकरी देणारे कारखाने त्याला हे काम देणार नाहीत. ते देवळाने द्यायचे, वाड्याने द्यायचे, विहिरीने द्यायचे.

बाहेरगावाहून आलेल्या वृद्ध गवंड्याच्या हाताखाली गावातील दोन तरुण पाच महिने राबले. विरलेला चुना थापीला कसा चिकटला म्हणजे तयार झाला, ते त्यांना आता कळते. उरलेला चुना देवळामागील हौदात पाण्याखाली ठेवला आहे. तो मुरेल तितका चांगला. मुलांनी हौदावरच्या फळ्या काढू नयेत आणि वरचे पाणी आटू देऊ नये, एवढी सर्व ग्रामस्थांना विनंती आहे. दक्षिणेकडील दीपमाळेचे काम दिवाळीनंतर त्याच चुन्यात निघणार आहे.