घरची परीक्षा : हाली, कलदार आणि पालक

पालकसभेला चारच पालक आले की आपण म्हणतो, "खेड्यातल्या पालकांना आस्थाच नाही." लोह्याच्या परिसराचा इतिहास पाहता हे विधान तपासून घ्यावेसे वाटते.

1948 पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी शाळांत सुरुवातीचे वर्ग मातृभाषेत, पुढे माध्यम उर्दू. मुलगा वरच्या वर्गात गेला की त्याच्या पुस्तकात काय आहे हे मराठी घरात कोणालाच कळत नसे. लोकांनी मराठी शाळा काढल्या त्यामागे हीही अडचण होती. हिप्परग्याची 1921 ची राष्ट्रीय शाळा त्यांतली ठळक.

एक विषय मात्र घराच्या ताब्यात राहिला, तो म्हणजे हिशेब. माझे आजोबा रात्री पावकी, निमकी, सवायकी म्हणत आणि त्यांची निरक्षर आई चूल सारवता सारवता चूक पकडी. बाराची सवायकी पंधरा, हे तिला बाजाराने शिकवले होते. रुपयाचे आणे 16, मणाचे शेर 40. मण 5 रुपयांना तर शेर 2 आण्यांना. त्यात संस्थानचे हाली नाणे वेगळे आणि ब्रिटिश कलदार वेगळे. 7 हाली म्हणजे 6 कलदार. 42 हालींचे किती? 36, आणि तेही तोंडी! अपूर्णांक आणि गुणोत्तर यांची ही घरची परीक्षाच होती.

1 एप्रिल 1957 ला रुपयाचे 100 नवे पैसे झाले. 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. दशमान पद्धत सोपी व शास्त्रीय आहे. विज्ञानाच्या माणसाने तिच्याविरुद्ध बोलू नये, आणि मी बोलतही नाही. परंतु ती मुलांना शिकवली, घराला कोणी समजावली नाही. आजोबांची आई नातवाची पाटी पाहून गप्प बसू लागली. त्या गप्प बसण्याला आपण अनास्था म्हणायचे का?

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे ठरवले. पण आपल्या भागातली कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि सभा जानेवारीत ठेवली तर येणार कोण? शिवाय सभेत आपण बोलतो, ते ऐकतात. एखाद्या आईला तिच्या कोयत्याचा हिशेब विचारून पाहा. टन किती झाले, खाडे किती, उचल किती फिटली, हे सारे तिच्या तोंडावर असते. तेच उदाहरण फळ्यावर मांडून तिच्या मुलाकडून सोडवून घेता येईल, तिच्यासमोर. सभा मात्र दिवाळीच्या आधी ठेवावी लागेल.