छोट्या मोटारीतली बैठक

भारतातल्या छोट्या मोटारीची पुढची बैठक पूर्वी सरळ बाकच होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणारी फियाट 1970च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. तिचा गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खांबावर असे. त्यामुळे पुढे अखंड बाक बसवता येई आणि चालकाच्या शेजारी दोघे मावत. आत स्प्रिंगा, त्यांवर काथ्याचा थर, वरून रेक्झिन अशी गादीची घडण होती. वैशाखात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रेक्झिन चटके देई, म्हणून टॉवेलच्या कापडाची कव्हरं घालायची पद्धत पडली. मागच्या बाकावर मात्र मधे बसणाऱ्याचे हाल होत. इंजिन पुढे आणि चाल मागच्या चाकांना, त्यामुळे त्यांना जोडणाऱ्या दांड्यासाठी गाडीच्या तळाला मधोमध उंचवटा ठेवावा लागे. मधल्या माणसाने पाय त्याच्या दोन्ही अंगांना टाकायचे. सामान वेगळ्या डिकीत जाई. सीटचा आणि सामानाचा संबंध नव्हता.

तो संबंध डिसेंबर 1983मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली तेव्हा घराघरांत पोचला. तिचं इंजिन पुढे आडवं बसवलेलं होतं आणि चालही पुढच्याच चाकांना होती. मागे जाणारा दांडा गेला, तसा तळ बराच सपाट झाला. गिअर खाली आल्याने पुढे दोन सुट्या सीटा आल्या. मागचा दरवाजा वर उघडे, मागच्या सीटची पाठ पुढे पाडता येई, आणि माणसं व सामान एकाच खोलीत नांदू लागली. पण ही खोली अरुंद होती. गाडीची बाहेरची रुंदी जेमतेम 1.44 मीटर. मागे तिघे मोठे बसले की खांद्याला खांदा घासे. मग एकाने पुढे सरकून गादीच्या कडेवर बसायचं, बाकीच्या दोघांनी पाठ टेकायची. अनेक कुटुंबांचे लांबचे प्रवास असेच झाले.

छोट्या गाडीतला आराम गादीच्या मऊपणावर ठरतो हा समज सहज होतो, पण तो अपुरा आहे. खरा प्रश्न गादी पायाखालच्या तळापासून किती उंच आहे हा असतो. बैठक खाली असेल तर गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून उचलल्या जातात आणि सगळा भार कमरेवर पडतो. शिवाय पाय पुढे पसरावे लागतात, म्हणजे गाडी लांब हवी. बैठक खुर्चीसारखी उंच केली की पाय सरळ खाली येतात, मांडीला आधार मिळतो आणि तेवढ्याच लांबीत दोन रांगा सुखाने बसतात. त्यासाठी छत मात्र वर न्यावं लागतं.

जपानमध्ये सर्वांत लहान वर्गातल्या गाड्यांच्या लांबी-रुंदीवर कायद्याचीच मर्यादा आहे. तिथे 1993मध्ये सुझुकीने उंच छताची वॅगन आर काढली. भारतात 1998मध्ये ह्युंदाईची सँट्रो आली आणि पुढच्याच वर्षी वॅगन आर. सँट्रोचं छत जमिनीपासून सुमारे 1.6 मीटर उंच होतं, मारुती 800चं सुमारे 1.4. सँट्रो आणि वॅगन आर यांचं रूप पाहून आधी लोकांनी नाकं मुरडली, आणि मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना पसंती दिली. साडी नेसलेल्या बाईला आत शिरताना वाकून खाली घसरावं लागत नव्हतं. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला उतरताना दाराची चौकट धरून उठावं लागत नव्हतं. पगडी बांधलेला माणूस ताठ बसू शकत होता. छोट्या गाडीच्या इतिहासात बसणाऱ्याचा एवढा विचार क्वचितच झाला असेल.

रुंदीचा प्रश्न पिंपरीत सुटला. 1998मध्येच टाटांनी इंडिका दाखवली. आकार मारुतीच्या झेनएवढा, आतली जागा अँबॅसडरएवढी आणि किंमत मारुती 800च्या जवळपास, असं उद्दिष्ट रतन टाटांनी जाहीरपणे सांगितलं होतं. चारही चाकं कोपऱ्यांकडे ढकलून आणि अंग रुंद ठेवून मागे तिघांची सोय केली गेली. डिझेलच्या स्वस्ताईबरोबर या मागच्या बाकामुळेही इंडिका पुढे टूरवाल्यांची गाडी झाली. नंतरच्या नॅनोतही बसायला ऐसपैस जागा होती, पण इंजिन मागे असल्याने सुरुवातीला तिला मागे उघडणारा दरवाजाच नव्हता. 2015च्या आवृत्तीत तो आला.

2006च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादनशुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं. तेव्हापासून चार मीटर ही लक्ष्मणरेषा झाली आणि तिच्या आत पाय व डिकी यांच्यात ओढाताण सुरू झाली. मागची गादी चार बोटं आखूड केली की गुडघ्यांपुढची जागा वाढल्यासारखी दिसते. ही युक्ती अनेक गाड्यांत आढळते, आणि तिची किंमत मुंबई-कोल्हापूरच्या प्रवासात मांड्या मोजतात. शोरूममध्ये दहा मिनिटं बसून ती कळत नाही. प्रामाणिक उत्तर होंडाच्या जॅझने दिलं. जपानमध्ये 2001मध्ये आणि भारतात 2009मध्ये आलेल्या या गाडीत इंधनाची टाकी पुढच्या सीटांखाली होती. त्यामुळे मागच्या गादीखाली पोकळी राहिली आणि ती गादी सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलता येई. कुंडीतलं उंच झाड तिथे उभंच्या उभं नेता येत असे.

सीएनजी आल्यावर ओढाताण वाढली, कारण सिलिंडर डिकीच खाऊन टाकतो. गणपतीला गावी निघालेल्या कुटुंबाच्या बॅगा मग मांडीवर आणि पायाशी येतात. 2023मध्ये टाटांच्या, पुण्यात तयार होणाऱ्या अल्ट्रोजमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवले गेले आणि वरची जागा बरीचशी परत मिळाली.

टॉवेलची कव्हरं आता मागे पडली असली, तरी नवी गाडी घेतली की कव्हर शिवून घ्यायची सवय टिकून आहे. मात्र आज अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीतच असते आणि धडकेच्या वेळी ती शिवण फाडून बाहेर येते. जाड, घट्ट कव्हराने तिची वाट अडते. अशा सीटसाठी त्या जागी सहज उसवणारी शिवण असलेलं कव्हरच घ्यावं लागतं.