पेव आणि गाडगं

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मी तीसेक वर्षं वर्गात शिकवला. अर्थ मुलं घोकून पाठ करायची, पण पेव म्हणजे काय ते पुढेपुढे फळ्यावर चित्र काढूनच सांगावं लागे.

आमच्या सोलापूर जिल्ह्यात पेव म्हणजे ज्वारीचं जमिनीतलं कोठार. कडक मुरमात खोल खणायचं, तोंड अरुंद ठेवायचं, आतून कडबा लावायचा, ज्वारी भरली की वर दगड आणि माती. दाण्यांच्या आणि किड्यांच्या श्वासानेच आतला प्राणवायू संपतो आणि कीड मरते. पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आधी कंदील सोडून बघत. तो विझला तर थांबत. घाई करणारी माणसं गुदमरून मेलेली आहेत.

अशी ज्वारी वर्षानुवर्षं टिके, पण खाण्यापुरती. ओलीने आणि उबेने ती पिवळी पडे, कुबट वास येई. भाकरी व्हायची, कोंब फुटायचा नाही. म्हणून बियाणं वेगळं ठेवत, आणि ते काम बायकांचं.

आमची आजी उभ्या पिकातूनच मालदांडीची भरदार कणसं निवडायची. चांगली उन्हं देऊन हाताने बडवायची. मग गोवऱ्यांची चाळलेली राख आणि कडुलिंबाचा वाळका पाला मिसळून गाडग्यात भरायची, तोंड शेणमातीने लिंपायची. माळवदाच्या घरात, अंधाऱ्या गार कोपऱ्यात ते गाडगं पावसाळाभर राही. १९७२च्या दुष्काळातही तिने त्याला हात लावू दिला नाही.

१९७४ साली मी नुकताच मास्तर झालो होतो. पगारातून पत्र्याची घट्ट झाकणाची कोठी आणली. त्या सुगीत खळ्यावर अवकाळी पाऊस पडला होता. आजी म्हणाली, अजून चार उन्हं दे. मला शाळेवर परतायची घाई होती. बियाणं तसंच भरलं आणि कोठी पत्र्याच्या पडवीत ठेवली.

पेरणीआधी आजीने शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले. चार-पाच दिवसांनी उघडले तर तिसाच्या आसपास मोडले होते. "आरं मास्तरा, त्ये खायाचं दानं न्हाईत, जित्तं हाईत," एवढंच ती बोलली. तिच्या एका गाडग्यावर जेमतेम निम्मं रान पेरून झालं. बाकीच्यासाठी वडिलांनी उसनवार केली. ते मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

कोठी वाईट नव्हती, हे पुढे वाचनात आलं. हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाचा ठोकताळा आहे : बियाण्यातली ओल एक टक्क्याने घटली की आयुष्य साधारण दुप्पट होतं आणि तापमान पाच अंशांनी उतरलं तरी दुप्पट. (अर्थात ठरावीक मर्यादेतच.) घट्ट झाकण कोरड्या बियाण्याला बाहेरच्या ओलीपासून वाचवतं, पण ओलं बियाणं भरलं तर तीच ओल आत कोंडतं. वर तापलेला पत्रा! म्हणजे मी आजीच्या बियाण्याचं पेवच करून ठेवलं होतं. तिची राख ओल शोषत होती, किड्यांनाही जाचत होती.

पुढे बियाणं दुकानातून येऊ लागलं. १९६३ साली राष्ट्रीय बीज निगम निघालं होतं, १९६६ साली बियाणे कायदा झाला, १९७६ साली अकोल्याला महाबीज आलं. संकरित बियाणं दरवर्षी नवंच घ्यावं लागतं, कारण घरी राखलं तर पुढची पिढी एकसारखी येत नाही. उत्पन्न वाढलं हे खरंच, ते नाकारू नये. पण गाडग्याबरोबर गोणपाटाची परीक्षाही गेली. २०२० साली सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी राज्यभर झाल्या, तेव्हा मला आजी आठवली. त्याच वर्षी मडक्यांतून गावरान बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री जाहीर झाली.

पुतण्या आता सोयाबीनचं बियाणं घरचंच ठेवतो. सोयाबीनची साल नाजूक, म्हणून पोती उंचावरून आपटू नको, थप्पी उंच लावू नको, असं त्याला सांगत असतो. आणि पेरणीआधी शंभर दाणे गोणपाटात ठेव. सत्तर उगवले तर पेर.

कोठी अजून घरात आहे. तिच्यात आम्ही जुने कपडे ठेवतो.