मुरब्याची होडी

बोईसर स्टेशनातून बाहेर पडताच एमआयडीसीचा वास नाकात शिरतो, तो आधी पुसून टाक. मग कारखाने पूस. तारापूरचं अणुवीज केंद्रही, कारण त्याला अजून २७ वर्षं अवकाश आहे. पालघर जिल्हाही नाही, हा सगळा मुलूख ठाण्यात. उरतात भातखाचरं, ताडाची झाडं आणि नांदगावातलं तुझं कौलारू घर. शुक्रवार, १४ ऑगस्ट १९४२. श्रावण नुकताच लागलाय.

आई फडक्यात तांदळाची भाकरी बांधते. कुठे निघालास, असं विचारत नाही. पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावायचाय, हे तिला ठाऊक आहे.

हे ठरवलं कोणी? मुंबईत, गवालिया टँकवर, ८ तारखेच्या रात्री काँग्रेस महासमितीने ‘चले जाव’चा ठराव मंजूर केला. नेहरूंनी मांडला, वल्लभभाईंनी अनुमोदन दिलं, विरोधात जेमतेम १३ जण. उजाडायच्या आत धरपकड झाली. गांधीजी पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये, कार्यकारिणीची मंडळी नगरच्या किल्ल्यात. सरकारला वाटलं, मुंडकं उडवलं की धड आपोआप पडेल. पण ठरावातच त्याची तजवीज होती: हुकूम द्यायला कोणी उरलं नाही, तर अहिंसेची चौकट सांभाळून ज्याने त्याने आपला पुढारी व्हावं. ‘करेंगे या मरेंगे’ सगळ्यांच्या तोंडी आहे. मला मात्र हे कलमच जास्त जहाल वाटतं. ठराव करून पुढारी सहसा अधिकार आपल्याकडे ओढून घेतात. या ठरावाने तो तुझ्या हातात दिला, आणि तू तर तो कागद पाहिलेलाही नाहीस.

किनाऱ्याकिनाऱ्याने चालत तू मुरब्याला पोचतोस. पुढे खाडी. अमावास्या होऊन दोनच दिवस झालेत, पाण्याला उधाण आहे. होडी तिरकी ओढली जाते आणि नावाडी शिव्या देत ती सावरतो. पलीकडे सातपाटी. नारळी पौर्णिमेला अजून १२ दिवस आहेत, त्यामुळे मासेमारीच्या होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. म्हणजे माणसं मोकळी आहेत. इतिहास लिहिणारे सहसा ही दर्याची रजा मोजत नाहीत. आणखी महिनाभराने हाक आली असती, तर यांतले कितीजण पाण्यावर असते!

शिरगाव येईपर्यंत पुढची-मागची टोकं दिसेनाशी होतात. इरली, टोप्या, चिखलाने भरलेल्या पोटऱ्या. ‘वंदे मातरम्’ पुढून सुरू होतं आणि तुझ्यापर्यंत येईतो पुढच्यांचं संपलेलं असतं, म्हणून घोषणा थांबतच नाही.

कचेरीपाशी तुला काहीच दिसत नाही. फक्त माना. कोणी म्हणतं, बंदुका आहेत. कोणी म्हणतं, नुसत्या दाखवायला. मग फटाफट आवाज होतात, आणि तुझ्या पुढचा माणूस खाली बसतो. ठेच लागली असेल, असं वाटून तू त्याला हात देतोस. हात ओला होतो. पाऊस तर थांबलेला आहे.

पाच जण गेले. सातपाटीचे पागधरे, ज्यांच्या आडनावातच पाग म्हणजे जाळं आहे. तुझ्या नांदगावचे ठाकूर, मुरब्याचे चुरी, पालघरचे तिवारी, सालवडचे मोरे. पुढे पालघरच्या चौकात त्यांचा स्तंभ उभा राहील, दरवर्षी १४ ऑगस्टला गाव तिथे जमेल. आज तुला त्याची कल्पना नाही. भाकरी अजून फडक्यातच आहे.

संध्याकाळी सातपाटीच्या धक्क्यावर ओहोटी लागलेली. तू होडीत बसतोस. नावाडी वल्हं धरून उभाच.

“थांब जरा,” तो म्हणतो, “मुरब्याचा एक यायचाय.”

तुला तोंड उघडवत नाही.