बार्शी लाईट, चोखोबा आणि उघडलेलं दार

कुर्डुवाडी रुळांनी मोठी केली. 1859 साली जीआयपी रेल्वे इथवर आली, तेव्हा स्टेशनचं नाव होतं बार्शी रोड. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी गेजची लाईन टाकली. 1906 मध्ये ती पंढरपूरला पोचली आणि कुर्डुवाडी वारकऱ्यांचं जंक्शन झालं. माझे आजोबा या ‘बार्शी लाईट’वर फायरमन होते, वडील वर्कशॉपात फिटर. मीही त्याच वर्कशॉपातून रिटायर झालो.

आषाढीच्या गाडीबद्दल आजोबा सांगायचे, की तिकीट देताना जात विचारली जात नसे. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात ब्राह्मण, मराठा, माळी, महार, मांग सगळे मांडीला मांडी लावून बसायचे. पण भाकरी सोडायची वेळ आली, की शेजाऱ्याकडे पाठ फिरवायचे. पाण्याचा तांब्या धोतराच्या सोग्याखाली झाकायचे. पंढरपुरात उतरल्यावर विटाळ झाला म्हणून चंद्रभागेत बुडी मारली, की झालं. दुसरी गाडी नव्हती, म्हणून शेजार सोसलेला. जे सोसलं, ते धुऊन टाकता येत होतं.

आमच्या भागाची ही रीत आगगाडीहून कितीतरी जुनी. संत चोखोबा मंगळवेढ्याचे, जातीने महार, म्हणून देवळाबाहेर ठेवलेले. 1338 मध्ये तिथे गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. परंपरा सांगते, की नामदेवांनी त्यांच्या अस्थी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखल्या आणि पंढरीला आणल्या. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. चोखोबा हयातीत जिथवर येऊ शकले, तिथेच. त्यांचे, पत्नी सोयराबाईंचे, मुलगा कर्ममेळ्याचे अभंग दिंडीदिंडीत गायले गेले. टाळकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. चोखोबांच्या वंशजांनी मात्र सहाशे वर्षं कळसाचंच दर्शन घेतलं. अभंग आत गेला, माणूस उन्हात राहिला.

या गोष्टीने साने गुरुजींना झोप लागू दिली नाही. महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्यांना खुलं करण्यासाठी लोकमत जागवलं आणि 1 मे 1947 पासून पंढरपुरात उपोषण मांडलं. तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली. त्या वातावरणात एका महाराजांनी हे करणं सोपं नव्हतं. 10 मे रोजी उपोषण सुटलं आणि त्याच वर्षी विठ्ठलाचं दार सर्वांना उघडलं.

पंढरपुरात अजून एक हकिगत सांगतात. दार उघडण्याआधी काही सनातन्यांनी मंत्र म्हणून मूर्तीतलं तेज एका घागरीत काढून घेतलं. म्हणजे जे आत येतील त्यांना नुसता दगड दिसावा. ती घागर आठवली, की मला अजून राग येतो. कायद्यापुढे मान तुकवायची, दारातून वाट द्यायची, पण समोरच्याची भक्ती आपल्याइतकी खरी मानायची नाही. नाइलाजाने चालवून घेणं ते हेच.

दुसऱ्याची श्रद्धा खरी मानण्याची माझ्या वडिलांची परीक्षा पुढे झाली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. पुढे वर्कशॉपातल्या वडिलांच्या जोडीदारानेही दीक्षा घेतली आणि भिंतीवरची विठ्ठलाची तसबीर उतरवली. वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांना फार लागलं. “आत्ता कुठं देऊळ उघडलं, अन् तुम्ही निघाला?” असं ते त्यांना म्हणाले. जोडीदार शांतपणे म्हणाले, “अण्णा, देऊळ तुमचं होतं. तुम्ही उघडलं. हे आमचं आम्ही निवडलंय.”

वडील बरेच दिवस अस्वस्थ होते. नाशिकला काळारामाच्या दारात 1930 पासून पाच वर्षं सत्याग्रह करूनही माणसाला आत घेतलं नाही, तर त्याने आणखी किती थांबायचं, हे त्यांचं त्यांनाच उमगलं. पुढच्या बुद्धजयंतीला ते त्या घरी गेले, बुद्धवंदनेला हात जोडून उभे राहिले आणि पंगतीत बसून खीर जेवले. नंतर दरवर्षी जात राहिले. त्यांची एकादशी सुटली नाही. पुनर्जन्माबद्दल त्या दोघांचं कधी पटलं नाही आणि ते त्यावर मोकळेपणी बोलायचे. पण त्या घरचा धर्म हा आपल्या धर्मावरचा रुसवा नाही, तोही पुरता धर्म आहे, हे वडिलांनी मनापासून मानलं.

जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंढरपूरच्या मंदिरातल्या पिढीजात पुजाऱ्यांचे, म्हणजे बडवे-उत्पातांचे, हक्क संपवले. मग मंदिर समितीने पूजेसाठी सर्व जातींतून अर्ज मागवले, स्त्रियांकडूनही. कायद्याला जमणारं काम कायद्याने केलं. उरलेलं आपल्या उंबऱ्यावरचं आहे. शेजारी ईदला बोलावील, नाताळला बोलावील, भीमजयंतीला बोलावील. जा, पंगतीत बसा, त्याची श्रद्धा त्याच्या तोंडून ऐका. आपलंच कसं खरं, हे त्या दिवशी सांगू नका.