करार झाला, पण तपासणार कोण?

एखाद्या देशाला युरोपियन युनियनमध्ये जायचं असेल तर नुसता अर्ज करून भागत नाही. न्यायव्यवस्था, भ्रष्टाचार, नागरिकांचे हक्क अशा एकेका विषयाचं प्रकरण उघडतं, आणि सुधारणा दिसल्याशिवाय ते बंद होत नाही. सरकार म्हणतं, "झालं!" पण खरंच झालं का, हे बघायचं कोणी? क्रोएशियात २०११ मध्ये तिथल्या स्वयंसेवी संस्था एकत्र आल्या, 'प्लॅटफॉर्म ११२' असं नाव घेतलं आणि सरकारपुढे ११२ मागण्या ठेवल्या. घाई होती, कारण एकदा देश आत गेला की बाहेरचा दबाव बराचसा संपतो. २०१३ मध्ये क्रोएशिया सदस्य झालाच.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याशी काय संबंध? आहे ना! अशी वाटाघाट आपल्याकडेही झालीय. देशाची नाही, प्रदेशाची. विदर्भाची.

२८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे वगैरे मंडळींनी त्यावर सह्या केल्या. विदर्भाने मराठी राज्यात यायचं, आणि बदल्यात काही गोष्टी मिळायच्या: नागपुरात उच्च न्यायालयाचं पीठ, वर्षातून निदान एक अधिवेशन नागपुरात, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात निधी (मराठवाड्याकडे विशेष लक्ष देऊन). शिवाय या निधीवाटपाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवायचा, हेसुद्धा करारातच होतं. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये रिपोर्टिंगची सोय होती. टेस्टिंग करणारी टीम मात्र नव्हती!

पुढे १९५५ मध्ये फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, तरी १९६० मध्ये विदर्भ महाराष्ट्रात आला. मग गंमत बघा. जी कलमं डोळ्यांना दिसतात ती बऱ्यापैकी पाळली गेली. नागपूरचं खंडपीठ आहे. अधिवेशन होतं, २०२० आणि २०२१ मध्ये ते नागपुरात झालं नाही तर लगेच ओरड झाली. पैशाचं कलम मात्र दिसत नाही, ते मोजावं लागतं. आणि मोजायचं माप काय, कमी पडलं तर पुढे काय, हे करारात नव्हतं.

माप यायला १९८४ उजाडलं. वि. म. दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य असं एकेक क्षेत्र घेऊन राज्याच्या सरासरीशी तुलना केली. राज्यभरातला अनुशेष निघाला सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यातला विदर्भाचा सुमारे १,२४७ कोटी. तोवर 'आमच्यावर अन्याय होतो' ही तक्रार होती, आता तिला आकडा मिळाला. मधुकरराव किंमतकरांसारख्या अभ्यासकांनी पुढे वर्षानुवर्षं हा आकडा लावून धरला. घटनेच्या ३७१(२) कलमात विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून होती, ती मंडळं प्रत्यक्षात आली १९९४ मध्ये. ३८ वर्षं!! ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली, आणि ती पुन्हा स्थापायची असं राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं तेव्हा सप्टेंबर २०२२ उजाडला होता.

हे सगळं कागदावरचं झालं. जमिनीवर काय झालं ते बघायला पवनीला जावं लागतं. भंडारा जिल्ह्यातल्या या तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. अनुशेष भरून काढायचा तर सिंचन हवं, आणि विदर्भातला सिंचनाचा सगळ्यात मोठा प्रकल्प हाच. १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्च होता सुमारे ३७२ कोटी. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. पुढे किंमत वाढत वाढत १८ हजार कोटींच्या वर गेली. ओलिताखाली यायची होती अडीच लाख हेक्टर जमीन. म्हणजे निधी आला, पण पाणी त्या वेगाने शेतात पोचलं नाही. खर्च झाला की अनुशेष भरला, असं मानणारा हिशोब इथे तोंडावर आपटतो.

हे तपासलं कोणी? नागपूरच्या 'जनमंच' या संघटनेने २०१२ मध्ये सिंचन घोटाळ्याबद्दल जनहित याचिका केली, आणि २०१४ मध्ये सरकारने लाचलुचपत विभागाकडून चौकशी करायचं कबूल केलं. बुडालेल्या गावांतली माणसंही आंदोलनं करत राहिली, तेव्हा कुठे २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटींचं पॅकेज आलं.

ती याचिका कुठे दाखल झाली माहितीये? नागपूर खंडपीठात. म्हणजे कराराचं जे कलम पाळलं गेलं, त्याच्याच आधाराने लोकांनी न पाळलेल्या कलमाचा जाब विचारला.

वेगळा विदर्भ हवा की नको, हा वाद वेगळा. त्यावर पुन्हा कधीतरी. पण वेगळं राज्य झालं तरी गडचिरोली नागपूरकडे हिशोब मागेलच, आणि तेव्हाही प्रश्न हाच असेल. वचन देणाऱ्यानेच प्रगतिपुस्तक भरायचं ठरवलं तर सगळे पास होतात. क्रोएशियातल्या लोकांनी सही व्हायच्या आधी मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे सही १९५३ ची आणि पहिलं धड माप १९८४ चं. मधली एकतीस वर्षं कोणी परत देत नाही.