आंबेमोहोर भात : मुळशीच्या पारंपरिक ज्ञानातून तरुणांसाठी रोजगार

पुणे शहरात ‘आंबेमोहोर’ म्हणून विकला जाणारा सगळाच तांदूळ मुळशी-मावळातला नसतो. मध्य प्रदेशातील जिरा शंकर, आंध्र प्रदेशातील श्रीराम असे दिसायला मिळतेजुळते तांदूळही याच नावाने विकले जातात. ज्या मुळशी तालुक्यात मूळ वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकले, तिथली मुले मात्र त्याच तालुक्यातील हिंजवडीत सुरक्षारक्षक किंवा गाडीचालक म्हणून कामाला जातात. त्यांच्या घरातल्या भाताला पुण्यात मागणी आहे, पण शेतातून पुण्याच्या स्वयंपाकघरापर्यंतचा मधला व्यवहार दुसऱ्यांच्या हातात आहे. तरुणांना रोजगार मिळू शकतो तो या मधल्या टप्प्यात.

वाणाची ओळख

दाणा आखूड व जाडसर, सुमारे साडेपाच मिमी लांब. शिजताना आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो, म्हणून हे नाव. भात मऊ आणि किंचित चिकट होतो. लहान मुले, आजारी व वृद्ध माणसांच्या पेजेसाठी तो पूर्वीपासून वापरतात. झाड उंच वाढते आणि सहज लोळते. उत्पादन हेक्टरी साधारण 19 क्विंटल, म्हणजे सुधारित वाणांपेक्षा बरेच कमी. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेला इंद्रायणी हा आंबेमोहोर 157 चाच वंशज. तो जास्त पिकतो, त्यामुळे बहुतेक खाचरांत आज तोच दिसतो. या वाणाची काही जमीन तर त्याआधीच गेली होती. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये ज्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह झाला, त्याच्या पाण्याखाली खोऱ्यातली भातखाचरे गेली.

जुन्या जाणत्यांकडून काय शिकावे?

बियाणे निवडताना घरातली म्हातारी माणसे कापणीआधी शेतात फिरून लोंब्या वेचतात. उंचीला वेगळी, आधी किंवा उशिरा निसवलेली, कुसळाची लोंबी बाजूला काढतात. वाण शुद्ध ठेवण्याची हीच पद्धत बीजोत्पादनातही वापरली जाते. भात हे स्वपरागीभवनाचे पीक असल्याने दुसऱ्या वाणापासून तीन मीटर अंतर ठेवले तरी भागते. खरी भेसळ खळ्यावर, पोत्यात आणि गिरणीत होते. त्यामुळे बियाण्याची मळणी वेगळी करावी आणि पोती झटकून, उलटी करून वापरावीत.

रोपवाटिकेत राब भाजण्याची पद्धत तणांचे बी मारते आणि पालाश देते, पण त्यासाठी झाडाच्या फांद्या तोडाव्या लागतात आणि शेण जळून जाते. भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळणे हा त्यापेक्षा चांगला पर्याय आहे. जुने आहे म्हणून सगळे तसेच चालवावे, असे नाही.

युरियाबाबत मात्र जुन्यांचे ऐकावे. नत्र जास्त झाले की झाड लोळते आणि भाताचा वास कमी होतो. वाळवणीही महत्त्वाची आहे. कडक उन्हात झटपट वाळवलेल्या दाण्याला बारीक तडे जातात व गिरणीत तो तुटतो. पातळ थर देऊन, अधूनमधून हलवत, दुपारी झाकून सावकाश वाळवावे.

एका एकराचा हिशेब

एकरी साडेसात क्विंटल भात धरला तर साधारण साडेचार क्विंटल तांदूळ हाती येतो. एवढ्यावर एका तरुणाचे वर्ष निघत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. पण एकाने गावातील 20 एकरांचा भात एकत्र केला, तर 90 क्विंटल तांदळाची भरडणी, निवड, पॅकिंग आणि विक्री हे दोघा-तिघांचे काम होते.

यात नफा-तोटा ठरतो तो कणीवर. साध्या हलरवर हा आखूड दाणा फार तुटतो. रबर रोलरची गिरणी वापरली तर कणी कमी पडते. जी पडते ती टाकाऊ समजून विकू नये. इडली, डोसा आणि पेजेसाठी ती स्वतंत्र पाकिटात विकता येते. शहरात लहान मुले असलेल्या घरांत पेजेसाठी कणीला गिऱ्हाईक मिळते. गिरणी घेण्याआधी एक हंगाम भाड्याच्या गिरणीवर काम करून पाहावे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद करण्यात आली. सध्याच्या अटी व मुदत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचाराव्यात.

नाव आणि बियाणे

आंबेमोहोरला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. पण मानांकन तालुक्यात आहे म्हणून प्रत्येकाला ते पाकिटावर छापता येत नाही. 1999 च्या कायद्यानुसार उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते. ही नोंद असेल तर नकली मालाविरुद्ध तक्रारीला आधार मिळतो.

बियाण्याबाबत गोंधळ होतो. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा 2001 नुसार शेतकरी आपले बियाणे राखू, पेरू, देवाणघेवाण करू आणि विकू शकतो. मात्र संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँड लावून विकता येत नाही. बियाणे विक्री हाच व्यवसाय करायचा असेल तर 1983 च्या बियाणे नियंत्रण आदेशाखालील परवाना घ्यावा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी पुण्याच्या बायफ संस्थेच्या मदतीने देशी बियाण्यांची बँक उभी केली; त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. बियाण्याची पारख असलेली अशी माणसे प्रत्येक गावात एक-दोन असतात. आपल्या गटाने त्यांना नुसते मान्यवर म्हणून बसवू नये, बियाणे निवडीच्या कामाचा मोबदला द्यावा.

पहिल्या वर्षी दोन एकरांपुरतेच बियाणे शुद्ध करावे. भात नोव्हेंबरमध्ये कापणीला येतो. थोडा भात भरडण्याआधी वर्षभर साठवून ठेवावा, कारण जुन्या भाताचा तांदूळ शिजवल्यावर कमी चिकटतो आणि पुण्यातले जुने गिऱ्हाईक तोच मागते.